यादीतली सहावी ओळ

१

सही माझीच होती. तारीखही माझ्याच हातची. पण त्यांच्या वर चिकटवलेली यादी मी केलेली नव्हती, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच पटणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात पाय ठेवला, तर माझी वही माझ्याच टेबलावर उघडून ठेवलेली. दादा शेजारी उभा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ आणि आमच्या छोट्याशा कंपनीचा अर्धा मालक. उरलेली अर्धी मी. बारा वर्षं आम्ही एकच काम करतोय. ज्या मुलांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानातल्या यंत्राचा आवाज किती ठेवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही दवाखान्यांना देतो.

"काल एका मुलीला यंत्र बसवलं," दादा म्हणाला. "चार वर्षांची आहे. सुरू केल्याबरोबर कान दाबून किंचाळली. इजा नाही झाली, देवाची कृपा. पण आता यंत्र नुसतं दिसलं तरी टेबलाखाली जाऊन बसते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पडद्यावर आवाजाच्या मॉड्यूलचा आकडा १.४ दिसतोय."

"शक्यच नाही. सोमवारी मी स्वतः २.० बसवलंय."

त्याने वहीवर बोट ठेवलं. यादीत आवाजाच्या मॉड्यूलपुढे स्वच्छ छापलेलं होतं, १.४.

मॉड्यूल म्हणजे बाहेरून आणून बसवलेला तयार भाग. आवाजाचं गणित आम्ही स्वतः लिहीत नाही, तो भाग आणतो आणि आमच्या प्रोग्रॅमला जोडतो. पण १.४ ही त्याची जुनी आवृत्ती आणि २.० नवी, आणि दोघींची आवाज मोजायची पट्टी वेगळी आहे. आमचा प्रोग्रॅम २.० च्या पट्टीने आकडे देतो. तेच आकडे १.४ ला दिले की आवाज भलताच चढतो. एवढी मोठी चूक शिकाऊ माणूससुद्धा एकदाच करतो, आणि मी शिकाऊ नव्हते.

"बाईंनी कॉम्प्युटरचं मशीन सीलबंद केलंय," दादा खाली बघत म्हणाला. "सोमवारी दहा वाजता लेखी हवंय. ज्याने बसवलं त्याचं नाव. तो माणूस पुन्हा त्यांच्या कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवणार नाही, असं म्हणाल्या."

त्यांचे नऊ दवाखाने होते आणि आमचं सगळं काम तिथेच चालायचं. तिथे पाय ठेवायचा नाही म्हणजे मी घरी बसायचं.

वहीची पद्धत माझी आहे. प्रत्येक मशीनवर आमच्या प्रोग्रॅमसाठी वेगळी जागा करायची, तिला मी डबा म्हणते. सगळी मॉड्यूल्स त्या डब्यातच बसवायची, बाहेर सांडायची नाहीत. मग मशीनलाच विचारायचं, बाबा रे, तुझ्या डब्यात काय काय आहे. ते यादी देतं. ती छापून वरच्या कडेला डिंक लावून वहीत चिकटवायची आणि खाली पानावर सही. एकदा आमच्या इंजिनिअरने सुचवलं होतं, ताई, सही अर्धी कागदावर, अर्धी पानावर करा, म्हणजे कुणी बदलू शकणार नाही. मी हसले होते. वही माझ्या बिनकुलपाच्या खणात, आणि ऑफिसात घरच्यासारखीच माणसं. राखण कुणापासून करायची?

फोन वाजला. आई होती.

"अगं, माझा नमुन्यांचा प्रोग्रॅम कालपासून बंद पडलाय."

"आई, आत्ता नको. मी नंतर बघते."

आई दादाकडे राहते. फोटोवरून विणकामाचे नमुने करून देणारा एक प्रोग्रॅम मी तिला सहा वर्षांपूर्वी लिहून दिला होता. तिने छापलेला स्वेटरचा एक नमुना खूण म्हणून ह्या वहीतच असतो. प्रत्येक कागदावर डाव्या कडेला राखाडी रेघ, कारण तिचा प्रिंटर आता म्हातारा झालाय.

दादा त्याच्या खोलीत गेला. मी खुर्ची ओढली आणि यादीचा कागद हलकेच वर उचलला. खाली, डिंकाच्या पट्टीत, दुसऱ्याच एका कागदाचा फाटका पापुद्रा चिकटून राहिला होता.

२

म्हणजे माझी यादी कुणीतरी ओढून काढली होती आणि ही तिथे डकवली होती. मला रडू नाही आलं, राग आला. रागात माझं डोकं बरं चालतं.

यादी हाताने आकडा बदलून बनवलेली नव्हती. ते मी लगेच ओळखलं असतं. मॉड्यूल एकटं येत नाही, आपले सोबती बरोबर घेऊन येतं, आणि १.४ चे सोबती २.० पेक्षा वेगळे असतात. ते कुणालाच तोंडपाठ नसतात. इथे ते सगळे बरोबर होते. म्हणजे कुणीतरी खरोखर कुठल्यातरी मशीनवर १.४ बसवलं होतं आणि त्या मशीनला यादी विचारली होती.

मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि सहाव्या ओळीवर थांबले.

कलरामा.

हे एक चिमुकलं मॉड्यूल आहे. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरं उमटवायला ते मदत करतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर काही बसवायला गेलं की ते पुष्कळदा न बोलावता सोबत येतं. लिनक्सला आणि मॅकला त्याची गरज पडत नाही, म्हणून तिथे आमच्या यादीत ते कधीच येत नाही. आणि दवाखान्यातलं मशीन लिनक्सचं होतं.

ही यादी त्या मशीनची नव्हतीच. विंडोजवर केलेली होती.

आमचा प्रोग्रॅम तिन्हीवर चालला पाहिजे म्हणून ऑफिसात मुद्दाम तिन्ही प्रकार ठेवलेत. दादाकडे आणि माझ्याकडे लिनक्स. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पडद्यावरची चित्रं काढते, तिच्याकडे मॅक. आणि विंडोज एकाच माणसाकडे.

मी उठले आणि त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

३

त्याला सगळे नवा म्हणतात. येऊन चार वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी नवाच. मला सही अर्धी-अर्धी करा म्हणणारा इंजिनिअर तो हाच.

"नव्या, माझ्या वहीला हात का लावलास?"

तो चहा पीत होता. कप खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "काय, ताई?"

मी कागद त्याच्यापुढे धरला आणि सहावी ओळ दाखवली. मग जे नको ते बोलले. माझी जागा हवी होती तर सरळ मागायचीस, असंही म्हणाले. वहिनी मान वर करून बघत होती. दादाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, तो बाहेर आला नाही.

नव्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे खुर्ची वळवली.

"ताई, बसा इथे. मागच्या महिन्यात तुम्हीच सगळ्यांच्या मशीनवर नवं पायथन चढवलंत. आठवतंय?"

"मग?"

"मग बघा."

पायथन म्हणजे आमचे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेत ती, सगळी मॉड्यूल्स तिच्यावरच चालतात. त्याने माझ्यासमोर एक कोरा डबा केला आणि १.४ बसवायची आज्ञा दिली. पडदा लाल अक्षरांनी भरला. नव्या पायथनसाठी १.४ बनवलेलंच नाही, ते बसायलाच तयार नव्हतं. त्याने पुन्हा केलं, पुन्हा लाल.

"माझ्या मशीनवर ही यादी होऊच शकत नाही. तुमच्याही नाही, दादांच्याही नाही. जुनं पायथन पाहिजे."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने चहाचा दुसरा कप माझ्याकडे सरकवला.

"नव्या, माझं चुकलं."

"चुकलंच. पण तुमच्या जागी मी असतो तर मीही माझ्याकडेच आलो असतो." त्याने पडद्याकडे बघितलं. "जुनं पायथन कुठे राहिलंय, ताई?"

"दवाखान्यात. पण ते मशीन लिनक्स आहे, आणि कालपासून सीलबंद." मी बोटांवर मोजलं. ऑफिसातली चार, माझ्या घरचं एक, दवाखान्यातली सगळी. जुनं पायथन असलेलं विंडोजचं मशीन एकही नव्हतं.

नवा म्हणाला, "एखादं राहिलंय मोजायचं."

४

वहिनीकडे मी जेवणाच्या सुट्टीत गेले. तिच्या मॅकवर ती सहावी ओळ आली नसती, हे मला माहीत होतं. पण ऑफिसची किल्ली तिच्याकडे असते आणि सकाळी पहिली तीच येते.

"वहिनी, आज सकाळी माझा खण कुणी उघडला?"

"मी नाही हं, वन्सं." आमच्यात ती वन्सं म्हणते ते चिडवायला, एरवी नावाने हाक मारते. आज मात्र चिडवल्यासारखं वाटलं नाही. "आम्ही दोघं बरोबरच आलो, लवकर. मी फुलझाडांना पाणी घातलं. हे त्यांच्या कामाला लागले."

"लवकर का?"

"ते म्हणाले, चल. मी विचारलं नाही. त्या पोरीच्या प्रकरणाने काल रात्री जेवले पण नाहीत."

"तुला कालच माहीत होतं?"

"बाईंचा फोन काल दुपारीच आला होता ना."

मला मात्र आज सकाळी कळलं होतं. मी ते मनात ठेवलं आणि वही तिच्यापुढे उघडली. रंग आणि कागद ह्यांतलं तिला जेवढं कळतं तेवढं आमच्यात कुणाला कळत नाही.

"हा कागद बघून काय वाटतं सांग."

तिने तो उजेडात धरला. "आपल्या ऑफिसच्या प्रिंटरचा नाही. आपला काळा रंग दाट असतो, हा निळसर आहे. आणि इथे कडेला बघ, एक रेघ..."

ती बोलता बोलता थांबली. कागद खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"रेघ काय, वहिनी?"

"काही नाही. घडी पडली असेल." ती मॅककडे वळली. "मला हे चित्र आज द्यायचंय गं."

मी वही उचलली. पानांमधून आईचा स्वेटरचा नमुना सरकून खाली पडला. मी तो उचलला आणि यादीशेजारी धरला. दोन्ही कागदांवर डावीकडे, कडेपासून दोन बोटांवर, तीच राखाडी रेघ होती.

न मोजलेलं मशीन मला सापडलं होतं. ते आईकडे मीच बसवलेलं होतं, म्हणून मोजायचं राहिलं.

वहिनीने मान वर केली नाही. तिला माझ्याआधी कळलं होतं आणि ती गप्प राहिली होती. तिचा नवरा आहे तो, हे मला समजतं. पण मी कोण, हाही प्रश्न त्या वेळी मनात आलाच.

५

आईची खोली दुपारी छान उजेडाची असते. ती खिडकीशी विणत बसली होती. मला बघून तिने सुया खाली ठेवल्या.

"आलीस? बरं झालं. बघ बाई, फोटो घालते आणि नुसती लाल अक्षरं येतात."

"आई, कालपासून म्हणालीस. कधीपासून, नीट सांग."

"काल संध्याकाळपासून. दादा लवकर आला ना, तो बसला होता इथे. म्हणाला, तुझ्या मशीनवर थोडं काम आहे. मी म्हटलं, ऑफिस कशाला काढलंय मग? तर म्हणाला, तिथे गर्दी असते." आई हसली. "तुम्ही चार माणसं, त्यात कसली गर्दी. काहीतरी छापलंनही त्याने. तो उठला आणि माझं बंद पडलं."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं तर. म्हणाला, मी बघतो, तिला सांगू नको, ती कामात असते. म्हणून तर सकाळी तुलाच फोन केला."

मी मशीनपुढे बसले. विंडोज, सहा वर्षांपूर्वीचं पायथन. इथे मी डबा केलेला नव्हता. एकच प्रोग्रॅम, आई एकटी वापरणार, डबा कशाला, असं तेव्हा मला वाटलं होतं. तो माझा आळस.

काय काय बसवलंय ते विचारलं. लोकरीच्या नमुन्यांसाठी घेतलेल्या मशीनवर कानाच्या यंत्राचं आवाजाचं मॉड्यूल बसलेलं होतं. १.४. तारीख गुरुवारची. त्याने येताना आकडेमोडीचं जुनं मॉड्यूल ओढून आणलं होतं आणि आईच्या प्रोग्रॅमला हवं असलेलं नवं हाकलून दिलं होतं. म्हणून आईचे नमुने बंद. छापण्याआधी यादीतून दादाने फोटोची मॉड्यूल्स खोडली होती, ती आईची म्हणून त्याला ओळखता आली. कलरामा खोडायचा राहिला. लिनक्सवर राहून राहून त्याला वाटलं असेल, हाही १.४ चाच एखादा सोबती.

आणि मग मला दुसरीही गोष्ट दिसली. डबा नाही, यादी नाही, नोंद नाही, सरळ ठोकून बसवायचं. एका जागी बसवलं आणि दुसऱ्या कुणाचं बंद पडलं. दवाखान्यातही हेच झालं होतं, आणि मंगळवारी दादा बाईंना भेटायला तिथे गेला होता, हे मला आत्ता आठवलं. तीच चूक, तोच हात.

दारात दादा उभा होता. वहिनीने फोन केला असणार.

"मंगळवारी तू दवाखान्यात गेला होतास," मी म्हणाले.

तो आत आला आणि आईच्या पलंगावर टेकला. नाही म्हणायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"गोंगाट कमी करणारा नवा भाग बाईंना दाखवायचा होता. दहा मिनिटांचं काम. बसवला, दाखवला, काढून टाकला. बाईंनाही वाटलं, मशीन होतं तसं झालं."

"त्याला १.४ लागतं. येताना त्याने २.० काढून १.४ आणलं."

"मी तो काढला ना पण."

"काढला की तो एकटा जातो, दादा. त्याने हाकललेलं परत येत नाही. यादीवरून पुन्हा बसवावं लागतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय ते."

"वाचलंय मी." तो हळू म्हणाला. "बाईंनी फोनवर आकडा वाचला आणि मला कळलं."

"मग मला का अडकवलंस?"

आईने विणकाम मांडीवर घट्ट धरलं होतं. दादा तिच्याकडे न बघता बोलला.

"बाईंचा करार माझ्या शब्दावर आहे. माझं नाव आलं असतं तर सगळंच गेलं असतं. तुझं आलं असतं तर मी मध्ये पडलो असतो. दोनचार महिन्यांत सगळं निवळलं असतं. आणि तू... तू समजून घेतलं असतंस. नेहमी घेतेस."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. शत्रू म्हणून त्याने माझा गळा कापला असता तर सोपं होतं, मी भांडले असते. त्याने मला निवडलं कारण मी त्याची होते. लहानपणी बाबांचा रेडिओ त्याने उघडून बिघडवला आणि मार मी खाल्ला, कारण मी आपण होऊन पुढे झाले होते. तेव्हापासून त्याने धरून ठेवलं होतं की पुढे मीच होणार. ह्या वेळी विचारलंसुद्धा नाही.

"त्या पोरीने यंत्र घालायचं सोडलंय," मी म्हणाले. "तिचे आईवडील समजतात की मी निष्काळजी आहे. तू गेला असतास मध्ये पडायला. काय म्हणाला असतास? माझी बहीण आहे, माफ करा?"

त्याच्याआधी बोलली आई.

"रेडिओ तू बिघडवला होतास ते मला तेव्हाच माहीत होतं," ती दादाला म्हणाली. "मी गप्प बसले. ते माझं चुकलं."

६

सोमवारी दहा वाजता दादा एकटा दवाखान्यात गेला. जाण्याआधी वहीत मंगळवारच्या तारखेचं पान त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, काय बसवलं, काय काढलं, काय राहिलं, आणि गुरुवारी काय केलं तेही. खाली सही केली. मी ते पान वाचलं, एक शब्द बदलायला सांगितला नाही.

करार गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे बसवायला फक्त ताई येतील, तुम्ही नाही. दोन आठवडे मी त्या मुलीकडे जात होते. यंत्र बंद ठेवूनच आम्ही बाहुलीच्या कानात घालायचो. मग एक दिवस तिने बाहुलीच्या कानातलं काढून आपल्या कानाशी नेलं. मी आवाज अगदी तळाला ठेवला आणि मग एकेक पायरी वर नेला. तिसऱ्या पायरीला आपल्या आईचा आवाज ऐकून तिने वळून बघितलं. तिच्या आईने माझा हात धरला, आणि मी तो धरू दिला.

नव्याची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. आईच्या मशीनवर आता डबा आहे. नमुने पुन्हा छापतात, राखाडी रेघेसकट. प्रिंटर बदलू या म्हटलं तर नको म्हणते. वहिनी आता मला नावानेच हाक मारते. वन्सं म्हणत नाही, आणि मीही म्हणायला लावत नाही.

दादा आणि मी अजून एकाच ऑफिसात बसतो. चहा एकत्र होतो, कामाचं बोलणं होतं, तो हसवतो तेव्हा मी हसतेही. परवा मी एका दवाखान्याची नवी यादी वहीत चिकटवत होते. तो शेजारी उभा होता, काहीतरी विचारायला आलेला. मी डिंक वाळू दिला, पेन घेतलं आणि सही केली. अर्धी कागदावर, अर्धी पानावर.

त्याने ती बघितली. मग जे विचारायला आला होता ते न विचारताच परत गेला.